प्लगवरची पिवळी रेघ

डेपोत त्याला सगळे पायलट म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. चौतीस वर्षं त्याने बस चालवली आणि चौतीस वर्षांत बसला ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याला ‘विनाअपघात सेवा’ असं कोरलेली पितळी पाटी मिळाली. दुसऱ्या कोणी ती दिवाणखान्यात लावली असती. पायलटने ती दाराबाहेर, नावाच्या पाटीच्या वर ठोकली. येणाऱ्याने आधी ती वाचावी आणि मग बेल वाजवावी, असा त्याचा हिशोब.

माणूस दुष्ट नव्हता. पण आपलं तेच खरं, आणि दुसऱ्याचं खरं असलं तरी ते आपण सांगितल्याशिवाय खरं नाही, असा त्याचा खाक्या होता. बायकोने या खाक्याशी एकतीस वर्षं जमवून घेतलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि कुकरची शिट्टी मोजायची.

डेपोत बसच्या चाकांच्या नटांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची पद्धत होती. अर्धी रेघ नटावर, अर्धी चाकावर. नट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि ड्रायव्हर गाडी बाहेर काढत नाही. पायलट रोज वाकून, डावा डोळा मिटून, एकेका नटावरून नजर फिरवायचा. एकदा नुसत्या रेघेवरून त्याने सैल नट पकडला होता आणि चाळीस माणसांचे प्राण वाचवले होते, असं तो सांगायचा. माणसांचा आकडा दरवर्षी वाढत गेला. निवृत्तीपर्यंत ती पंचावन्न झाली होती, आणि तेवढी माणसं त्या बसमध्ये मावतच नव्हती.

मुलगा दूर दुसऱ्या शहरात होता. त्याने वडिलांना निवृत्तीची भेट म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. पायलटने पहिल्या दिवशी नाक मुरडलं. आवाज नाही, गिअर नाही, ही कसली गाडी, हे तर मिक्सर आहे. महिन्याभरात तो त्याच मिक्सरचं कौतुक जिन्यात भेटेल त्याला सांगायला लागला. इमारतीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या खांबाजवळ त्याची जागा होती आणि खांबावर चार्जिंगचं सॉकेट. केबलचं एक टोक गाडीत. ते गाडी लॉक केली की आपोआप अडकून बसायचं. दुसरं टोक खांबावरच्या सॉकेटमध्ये, साधा जाड प्लग, कोणीही ओढावा असा.

मग शेजारच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरची केबल भर दुपारी चोरीला गेली. आत तांबं असतं, तांब्याला भाव असतो. झालं, पायलटची झोप उडाली. आधी त्याने केबलवर पुढचं चाक चढवून ठेवलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, केबल चेपेल, शॉर्ट होईल. मग त्याने सॉकेटवर लोखंडी पेटी आणि तिला कुलूप बसवायला घेतलं. इलेक्ट्रिशियनने तेही बंद पाडलं. आग लागली तर कोणालाही प्लग झटक्यात ओढता आला पाहिजे, कुलूप चालणार नाही. पायलट दोन दिवस धुमसत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला डेपो आठवला. त्याने पिवळ्या रंगाची डबी आणली, पट्टी लावली आणि प्लगवरून सॉकेटवर एक सरळ रेघ ओढली. आता कोणी प्लग काढून पुन्हा खुपसला तर रेघ जुळणार नाही. चोर केबल नेईल तर नेईल, पण हात लावून गेलेला कळेल. रोज सकाळी तो खाली जायचा, वाकायचा, डावा डोळा मिटायचा आणि रेघ बघायचा.

इमारतीला वॉचमन होता. पंचेचाळिशीचा, शांत, जिन्याखालच्या खोलीत बायकोबरोबर राहणारा. बायको इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती आणि बॅटरीच्या जुन्या स्कूटरवरून जायची. ती स्कूटर केबिनच्या सॉकेटवर चार्ज करायला कमिटीने परवानगी दिलेली होती. सकाळी दहाला पायलट बायकोला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन निघाला की वॉचमन गाडीच्या मागे उभा राहायचा. हात हलवत म्हणायचा, “येऊ द्या काका, येऊ द्या. थोडं डावीकडे. अजून थोडं. बस.” पायलटला ते सलाम ठोकल्यासारखं वाटायचं. त्याने कधी अडवलं नाही. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मागे घ्यायला कोण शिकवणार, पण करतोय मान देऊन तर करू दे.

त्या वर्षी मात्र जगात सगळंच वाकडं व्हायला लागलं होतं. आधी बेडरूमच्या दाराची चौकट वाकली. सुताराला बोलावलं. त्याने ओळंबा लावून दाखवला, चौकट सुतात होती. पायलट म्हणाला, तुझा ओळंबाच वाकडा आहे. सुताराने बायकोकडे बघितलं, बायकोने खिडकीकडे. मग न्हाणीघरातल्या फरशांची ओळ पोटात गेली. मग वर्तमानपत्राची छपाई बिघडली, ओळी मध्येच खचायला लागल्या. पायलटने संपादकाला पत्र लिहिलं. चष्मा बदलून बघा, असं बायको एकदा म्हणाली. तो म्हणाला, “चष्म्याला काय धाड भरलीय? हल्ली कोणी काम नीट करत नाही.”

आणि मग एका सकाळी रेघ तुटलेली दिसली.

प्लगवरचा तुकडा खाली, सॉकेटवरचा वर. मधे चक्क पायरी. पायलट धापा टाकत वर आला.

“कोणीतरी प्लग काढला होता.”

“गाडी चार्ज झाली नाही का?” बायकोने विचारलं.

“पूर्ण झालीय.”

“मग?”

“मग काय मग? काढतो, स्वतःची स्कूटर लावतो, काम झालं की परत खुपसतो. चोर काय वेडा असतो?”

चोर कोण हे त्याने तोवर ठरवूनही टाकलं होतं. स्कूटर एकाचीच होती, राहायला खाली एकच होता. बायको म्हणाली की त्यांच्या स्कूटरचा प्लग वेगळा, लहान असतो, तो यात बसणारही नाही. पायलट म्हणाला, अशा लोकांकडे सगळ्या खटपटी असतात. त्याने जुनी रेघ पुसली, पट्टी लावून नवी ओढली आणि पट्टी लावूनच ओढली म्हणून तिच्याकडे दुसऱ्यांदा न बघता वर आला. दुसऱ्याच सकाळी ती तुटली. शनिवारी पुन्हा ओढली, रविवारी सकाळी पुन्हा तुटली, आणि पायलटने सेक्रेटरीच्या दाराची बेल वाजवली.

सेक्रेटरीच्या मेहुण्याची सिक्युरिटी एजन्सी होती. इमारतीचं काम मेहुण्याला मिळावं म्हणून तो वर्षभर टपून होता, पण वॉचमनला काढायला काही कारणच मिळत नव्हतं. माणूस वेळेवर उठायचा, टाकी भरायचा, कोणाला उलट बोलायचा नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. सेक्रेटरी पायजम्यावरच खाली उतरला आणि येताना आणखी पाच जणांना घेऊन आला.

तिसऱ्या खांबापाशी सहा माणसं जमली. पायलटची बायकोही पदर सावरत मागे येऊन उभी राहिली. पायलटने नटांवरच्या रेघेची सगळी पद्धत समजावून सांगितली, पंचावन्न माणसांसकट. मग बोट दाखवलं. “बघा.” एकेक जण वाकला, बघून उठला, हं म्हणाला.

“पायलटसाहेबांची नजर आहे,” सेक्रेटरी म्हणाला. “ते म्हणतात म्हणजे हललीच असणार.”

वॉचमनला बोलावलं. तो हात पुसत आला. त्यानेही वाकून पाहिलं.

“काका, रेघ सरळ आहे.”

“काय म्हणालास?”

“सरळ आहे. मी प्लगला हात लावलेला नाही. तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या काका. गाडी मागे घेतानाही तुम्ही हल्ली खांबाच्या फार जवळ...”

पुढचं त्याला बोलता आलं नाही. पायलटच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. चार लोकांत, बायकोदेखत, जिन्याखाली राहणारा माणूस त्याला डोळे दाखवून घ्यायला सांगत होता.

“तू हात हलवतोस म्हणून मी गाडी चालवतो होय रे?” तो म्हणाला. “वर तोंड करून बोलतोस? खोली तपासा याची. आत्ताच्या आत्ता.”

खोली तपासली. जिन्याखालची ती खोली, दोन माणसं एकदम आत गेली की तिसऱ्याला बाहेर यावं लागायचं. ट्रंक उघडली, गाद्या उलट्या केल्या, डबे हुंगले, वॉचमनच्या बायकोचे कपडे पार्किंगच्या फरशीवर आणून टाकले. ती लाँड्रीतली रात्रपाळी करून नुकतीच आली होती. लोकांचे कपडे रात्रभर घड्या घालून ठेवणारी ती बाई आपले कपडे सहा पुरुषांच्या पायांत बघत उभी राहिली. इस्त्रीच्या वायरखेरीज काही सापडलं नाही.

“काही सापडत नाही म्हणजे मुरलेला आहे,” पायलट म्हणाला.

कमिटीने दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायलट रंगाची डबी आणि पट्टी घेऊन खाली गेला. आता वॉचमनला पार्किंगमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. एजन्सीचा नवा गार्ड खुर्चीवर बसला होता. मनाला कसं स्वस्थ वाटत होतं. त्याने जुनी रेघ पुसली, डावा हात प्लगवर घट्ट ठेवला, पट्टी धरली, ब्रश ओढला. मग पट्टी उचलली आणि या वेळी, कधी नाही ते, लगेच बघितलं.

रेघ तुटलेली होती.

त्याचा हात अजून प्लगवरच होता. रंग ओला होता. प्लगवरचा तुकडा खाली आणि सॉकेटवरचा वर. पायलटने डोळा बदलला, उजवा मिटून डाव्याने पाहिलं. पायरी थोडी लहान झाली. मान तिरकी केली, तेव्हा रेघ सरळ झाली. मान सरळ केली, पुन्हा तुटली. त्याने बोटाने रेघेवरून, ओल्या रंगावरून हात फिरवला. बोटाला कुठेही पायरी लागली नाही.

पायलट मूर्ख नव्हता. सुताराचा ओळंबा, फरशांची ओळ, वर्तमानपत्र, सगळं एकाच क्षणात त्याच्या डोक्यात येऊन बसलं. फाटकापाशी टेम्पो लागला होता आणि वॉचमन ट्रंक चढवत होता. वीस पावलांचं अंतर. जायचं आणि सांगायचं, चूक झाली. एवढंच काम होतं.

पण पुढच्याच महिन्यात त्याच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं. रेघ सरळ होती असं म्हणायचं म्हणजे मला दिसत नाही असं म्हणायचं. मग मुलगा गाडी काढून घेणार, दारावरची पाटी लोकांच्या चेष्टेचा विषय होणार आणि पायलट रिक्षाच्या मागच्या सीटवर बसणार. त्याने डबीचं झाकण लावलं.

तेवढ्यात वॉचमनची बायकोच त्याच्यापाशी आली. हातात स्टोव्ह होता.

“काका, तुमचं ऐकतात ते. आठ दिवस तरी मागून द्या. सामान कुठे ठेवू? जागाच मिळालेली नाही अजून.”

“कमिटीचा निर्णय आहे,” पायलट म्हणाला. “मी काय करणार?”

बोटाला लागलेला पिवळा रंग त्याने पँटच्या खिशात लपवला. ही गोष्ट सांगताना मला त्याची कणव येत नाही, राग येतो.

लायसन्ससाठी डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर चौकटींचा एक कागद धरला, मधोमध काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा म्हणाल्या.

“सगळ्या रेघा सरळ दिसतात का?”

“मधल्या चार तुटल्यात,” पायलट म्हणाला. “छपाई वाईट आहे.”

बाई हसल्या नाहीत. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, उजव्याचा बराच झालाय, यापुढे गाडी चालवू नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पायलटने मान डोलावली, कागद घडी घालून खिशात टाकला आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. हे डॉक्टर मान वर न करता दाखला देतात अशी त्यांची ख्याती होती.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती.

“त्या रविवारी तू पण खाली होतीस. तुला रेघ कशी दिसली?”

“सरळ.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत.”

तिने मान वर केली नाही. त्या बाईचे कपडे फरशीवर पडलेले तिनेही पाहिले होते आणि तीही गप्प उभी राहिली होती. त्या रविवारपासून तिला नीट जेवण गेलेलं नव्हतं, हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी वॉचमन दारात आला. दाढी वाढलेली होती. एका शाळेच्या फाटकावर त्याला काम मिळत होतं, राहायला खोलीसकट. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. पण मुख्याध्यापिकेने इमारतीत फोन लावून चौकशी केली आणि सेक्रेटरीने चोरी म्हणून सांगितलं. आता तक्रार करणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तरच बाई घ्यायला तयार होत्या. वॉचमनच्या बायकोने वळणदार अक्षरात कागद लिहून दिला होता. त्या दिवशी प्लग काढला गेला नव्हता, माझा गैरसमज झाला होता, एवढंच. खाली सहीसाठी रेघ.

“एक सही द्या काका. बाकी मला कोणाशी भांडायचं नाही. ती आठ दिवस लाँड्रीतच झोपतेय, मी गोदामाच्या ओट्यावर.”

“मी खोटं लिहून देऊ?” पायलट म्हणाला.

वॉचमनने पाहिलं, पायलटची नजर चपलांवर होती. त्याला कळलं होतं. पायलटला माहीत आहे, हे त्याला त्या एका वाक्यात कळलं. तो ओरडला नाही. त्याने कागद चपलांच्या कपाटावर ठेवला.

“सोमवारी आठपर्यंत पोचला तरी चालेल,” तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरून तो थांबला. “गाडी मागे घेताना खांबापासून दोन हात सोडा. नवा गार्ड हात करत नाही, मोबाईल बघत बसतो.”

रविवारी कागद तिथेच होता. सोमवारी सकाळी आठ वाजता पायलट दाढी करत होता. आरशातलं त्याचं नाक मधेच मोडलेलं दिसत होतं.

गुरुवारी दहाला तो बायकोला घेऊन निघाला. गाडीत बसला, आरशात पाहिलं, मागे घेतली. येऊ द्या, येऊ द्या, असं कोणी म्हणालं नाही. बस असंही कोणी म्हणालं नाही. मोठा आवाज झाला आणि गाडी खांबावर चढायची तेवढी राहिली. मागचा बंपर चेपला, खांबावरचं सॉकेट फुटून वायरींवर लोंबायला लागलं, पार्किंगचे सगळे दिवे गेले. मागे वळून बघणाऱ्या बायकोचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. लागलं फार नाही, पण टेंगूळ आलं.

माणसं खाली धावली. तीच सहा माणसं. गार्ड मोबाईल खिशात घालत आला.

“याने हात केला नाही,” पायलट बोट रोखून म्हणाला. “लक्ष नसतं याचं. काढा याला.”

हे त्याच्या तोंडून आपोआप आलं. सेक्रेटरी मात्र या वेळी पायलटसाहेबांची नजर वगैरे काही म्हणाला नाही. गार्ड मेहुण्याचा माणूस होता.

“गार्डवर ढकलू नका,” सेक्रेटरी म्हणाला. “तुम्हाला दिसत नाही हे काय आम्हाला आज कळतंय? त्या दिवशीसुद्धा रेघ सरळच होती.”

“मलाही सरळ दिसली होती,” दुसरा म्हणाला.

“सरळच होती की,” तिसरा म्हणाला. सहाही जणांची दृष्टी एकदम सुधारली.

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढ्या खात्रीने सांगत होता. आम्ही म्हटलं, असेल बुवा.”

पायलटने गाडीचं छप्पर धरलं. “मग त्याला परत बोलवा,” तो म्हणाला.

“आता कसं बोलवणार? एजन्सीशी वर्षाचा करार झालाय. खोलीत पंपाचं सामान ठेवलंय.” सेक्रेटरीने लोंबणाऱ्या वायरीकडे बघितलं. “आणि हे आधी दुरुस्त करून द्या.”

बायकोने गाडीची चावी काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. त्याने हरकत घेतली नाही. जिन्यात ती पुढे, तो कठडा धरून मागे. दारावरच्या पितळी पाटीपाशी तो थांबला नाही. थांबला असता तरी मधली अक्षरं त्याला दिसली नसती.

आत आल्यावर त्याने चपलांच्या कपाटावरचा कागद उचलला, टेबलापाशी बसला आणि पेन मागितलं. सहीची रेघ त्याला मधे खचलेली दिसत होती. त्याने डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं आणि बोटाच्या आधाराने, शाळेतल्या पोरासारखी, सावकाश सही केली.

“रेघेवर आली का?” त्याने विचारलं.

बायको कपाळाला ओला रुमाल धरून उभी होती. तिने वाकून पाहिलं.

“आली,” ती म्हणाली. “पण आज गुरुवार आहे.”

मग ती आत गेली आणि तिने कुकर लावला.